माझी उजवी टाच आणि फुगडीचा हिशेब

सकाळी उठल्यावर पलंगापासून मोरीपर्यंत जाताना मी किती पावलं लंगडते, याची माझ्याकडे लेखी नोंद आहे. चौकड्यांची वही, समासात तारीख, पुढे आकडा. ११ एप्रिल २०२५: १४ पावलं. २ मे: ९. २० जून: ३. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस शून्य, आणि त्या तिन्ही शून्यांना मी लाल पेनाने गोल केलाय. मग एकदम २९ ऑगस्ट: २१. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ला होती. २८ च्या रात्री काय झालं ते पुढे येईलच.

मी फोंड्याजवळ बांदोड्याला राहते, हायस्कुलात गणित शिकवते, वय ४४. धावायला लागले ती २०२३ च्या दिवाळीनंतर. त्यामागे थोर कारण काही नाही. शाळेच्या क्रीडादिनी शिक्षिकांची शंभर मीटर शर्यत ठेवली होती. त्यात मी शेवटून दुसरी आले, आणि शेवटची आली ती बाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी होती. पुढच्या सोमवारपासून पहाटे साडेपाचला बाहेर पडायला लागले. नागेशीच्या तळीपासून रामनाथी, तिथून कवळ्याला शांतादुर्गा, देवळाला बाहेरूनच नमस्कार आणि परत. पहिले दोन महिने रस्त्यावर भेटेल तो विचारायचा, "खंय वता गो धांवत?" काहीतरी अशुभ घडलं असावं या काळजीने. पुढे सवय झाली, त्यांना आणि कुत्र्यांना. सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, तर माझा घड्याळवाला झाला. त्याचा भोंगा रामनाथीच्या अलीकडे ऐकू आला की मी वेळेवर आहे, पलीकडे आला की उशीर झाला.

वर्षभरात मी ९ किलोमीटरपर्यंत पोचले. हळूहळू, कुठेही न दुखता. मला वाटलं, आपल्याला जमतं हे.

मग कोलवा. मडगावच्या काही बायकांचा धावण्याचा ग्रुप आहे, माझी कॉलेजातली मैत्रीण त्यात. जानेवारीतला रविवार, ओहोटी लागलेली, ओल्या वाळूचा किनारा सडकेसारखा घट्ट आणि रुंद. तिकडून दक्षिणेला बाणावली, मग वार्का, डावीकडे माड, उजवीकडे समुद्र, आणि वाटेत एकसुद्धा चढण नाही. आमच्या फोंडा महालात सपाट रस्ता शोधावा लागतो हो! मला कुणीतरी म्हणालं, वाळूवर अनवाणी धाव, मजा येते. बूट काढून मैत्रिणीच्या गाडीत टाकले. मजा आली. इतकी आली की ९ वर थांबायचं भानच राहिलं नाही. परत आलो तेव्हा घड्याळात १५ किलोमीटर होते. मग मस्त शहाळं प्यायलो, फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा पाय जमिनीला लावला आणि टाचेच्या मागे कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं.

९ वरून १५ म्हणजे जवळजवळ ६७ टक्के वाढ. हे उदाहरण मी सातवीच्या मुलांना फळ्यावर घालते. वर अनवाणी, वर वाळू. बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते. ती काढून घेतली की पावलागणिक टाच तेवढी खाली जाते आणि मागची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा पट्टा), म्हणजे अकिलीस, तेवढी जास्त ताणली जाते. माझ्या हिशेबाने त्या दिवशी मी १८ हजारांवर पावलं टाकली, म्हणजे उजव्या टाचेच्या वाट्याला ९ हजार. तीन बदल, एकाच दिवशी, ९ हजार वेळा.

धावणाऱ्यांत एक नियम तोंडपाठ असतो: आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. गंमत म्हणजे नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला नवख्या धावणाऱ्यांचे दोन गट करून हे तपासलं होतं, २००८ मध्ये ते छापून आलं. एका गटाला १३ आठवड्यांचा हळूहळू वाढणारा कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा. दोन्हींत दुखापती सारख्याच, पाचातल्या एकाला. मग २०२५ मध्ये ५,२०० धावणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदींवरून दुसरी गोष्ट पुढे आली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी बघा. गेल्या ३० दिवसांत तुम्ही एका दमात सगळ्यात लांब जेवढं धावलात, त्याच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त एका दिवशी धावलात तर धोका वाढतो. मी हे वाचलं तेव्हा टाच दुखून सहा-सात महिने झाले होते. वाचून वहीत कोलव्याच्या तारखेपुढे एक फुली मारली.

पुढचे दोन-अडीच महिने वाया गेले ते सांगायला लाज वाटते. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "पूर्ण आराम. आणि वयाप्रमाणे चाला, धावता कशाला?" आराम केला. तीन आठवडे धावले नाही, दुखणं गेलं. खूश होऊन ३ किलोमीटर धावले, दुसऱ्या दिवशी परत तेच. पुन्हा आराम, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी धावायचं अंतर कमी होत गेलं आणि दुखणं लवकर येत गेलं. मध्येच सगळ्यांनी सांगितलं म्हणून भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, तीही दिवसातून चार वेळा, मन लावून. ते सगळ्यात चुकीचं होतं असं नंतर कळलं.

एप्रिलमध्ये फिजिओथेरपिस्टकडे गेले. दार उघडून आत जाते तर समोर माझीच जुनी विद्यार्थिनी. दहावीत प्रमेयाची सिद्धता विचारली की खिडकीबाहेर बघणारी. मला बघून ती उठून उभी राहिली, आणि पुढच्या पाच मिनिटांत मलाच एका पायावर उभं केलं.

"टीचर, भिंतीला बोटं टेकवा, गुडघा सरळ. टाच वर, टाच खाली. जमतील तेवढ्या. मी मोजते."

डावा पाय १९. उजवा ७. आठव्याला टाच उठलीच नाही. दुखलं म्हणून नव्हे, ताकदच नव्हती. साधारण निरोगी माणसाच्या एका पायावर पंचवीसच्या आसपास व्हाव्यात असं ती म्हणाली, म्हणजे माझा चांगला पायही काठावर पास. दोन महिन्यांच्या आरामात मी पोटरीला जे काही होतं तेही घालवून बसले होते. कंडरेवरचा भार काढला की ती दुखत नाही, पण भार सोसायची तिची कुवतही उतरते. मग पूर्वी सहज झेपणारे ३ किलोमीटर तिला पंधरासारखे वाटायला लागतात.

नंतर तिने चिमटीत धरून टाच दाबली. मध्यभागी, पोटरीच्या खाली, काही नाही. अगदी हाडाला जिथे कंडरा चिकटते तिथे दाबलं आणि मी शिक्षिकेला न शोभणारा शब्द उच्चारला. "म्हणजे तुमचं मधलं नाही, जोडाचं आहे," ती म्हणाली. या एका वाक्याने सगळा उपचार बदलला, म्हणून जरा थांबून सांगते.

अकिलीसचा जगप्रसिद्ध व्यायाम स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच पायरीच्या खाली हळूहळू उतरवायची. त्यामागची गोष्ट फार छान आहे. हा माणूस स्वतः धावायचा आणि त्याचीच टाच दुखत होती. शस्त्रक्रिया करा म्हणाला तर वरिष्ठांनी नकार दिला, तू कामावरून गेलास तर दवाखाना कोण बघणार? तेव्हा यानं ठरवलं की कंडरा तुटेपर्यंत तिला छळायचं, मग तर शस्त्रक्रिया करावीच लागेल. तर ती तुटायच्या ऐवजी बरी झाली! १९९८ साली त्याने १५ हौशी खेळाडूंवर हे करून बघितलं आणि बारा आठवड्यांनी सगळे पुन्हा धावायला लागले. एका वेळी १५ चे तीन संच, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून असे दोन प्रकार, सकाळ-संध्याकाळ. मी लगेच गुणाकार केला: दिवसाला १८०, बारा आठवड्यांत १५,१२०. रोज तोच आकडा, नुसती घोकंपट्टी.

"ते पाठ करू नका," विद्यार्थिनी म्हणाली. "ते मधल्या दुखण्यासाठी. तुमच्या जोडाच्या ठिकाणी टाच पायरीखाली गेली की कंडरा हाडावर दाबली जाते. तुम्ही फक्त जमिनीपासून वर. खाली नाही." म्हणजे कोलव्याची वाळू, अनवाणी पाय आणि दोन महिने भिंतीला टेकून केलेलं ताणणं, तिन्हींनी एकच काम केलं होतं. ताणणं त्याच दिवशी बंद. शाळेच्या चपलेत टाचेखाली सेंटिमीटरभर जाड रबराचा तुकडा घातला. चांभाराने विचारलं, एकाच पायाला? दोन्ही पायांना घातला, नाहीतर कंबर बोलली असती.

पहिले दोन आठवडे हलायचंच नाही. टाचा अर्ध्या उचलून ४५ सेकंद तसंच उभं राहायचं, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज धरून उभी राहायचे. उकड्या तांदळाच्या भातावर लक्ष ठेवायला बरं पडायचं. मग दोन पायांवर वर-खाली, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. हा संथपणा फार छळतो. शाळेत मी पोरांना सांगते पायऱ्या गाळू नका, आणि इथे मीच तिसरा सेकंद खायचे.

मेच्या अखेरीला एका पायावर आले आणि मग वजन. पाठीवर माझ्या मुलाचं जुनं दप्तर, त्यात आधी ५ किलो तांदूळ, मग १०. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदाच. रोज करायची हौस मला होती, तिने मोडली. कंडरेला जड भारानंतर सावरायला वेळ लागतो, दीड-दोन दिवस धरून चाला, म्हणाली. बसूनही करायचं: खुर्चीवर बसून, गुडघ्यावर तांदळाची पिशवी ठेवून टाच उचलायची. गुडघा वाकलेला असला की पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, जास्त काम करतो. धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. माझं वजन ५८. म्हणजे साडेतीनशे ते साडेचारशे किलो. भरलेले गॅस सिलिंडर धरले तर बारा-पंधरा. प्रत्येक पावलाला. आणि मी त्या स्नायूला उभ्या आयुष्यात दहा किलो तांदूळही दाखवला नव्हता.

आमच्या माईंना, म्हणजे सासूबाईंना, हे सगळं थट्टेचं वाटायचं. वय ७६, अजून शेंदून पाणी काढायची हिंमत. "आमी बांयचें उदक काडलें, भात कांडलें, आमची टाच कित्याक दुखूंक ना?" मी यावर बरेच दिवस विचार केला, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या पायांत जोर होता आणि आहे. पण कळशी तीस वर्षं तेवढीच होती. विहीर तेवढीच खोल. शरीर त्या कळशीपुरतं तयार झालं आणि थांबलं. मी मात्र कळशी उचलणाऱ्या शरीराला पंधरा सिलिंडर उचलायला लावत होते. व्यायाम आणि कष्ट यांत मला एवढाच फरक दिसतो: व्यायामात वजन वाढवायची जबाबदारी आपल्याकडे असते. माईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ती तांदळाची पिशवी परत डब्यात ओत, किडे होतील.

जूनमध्ये पाऊस लागला आणि मी फोंड्यात एका जिममध्ये नाव घातलं. खाली हार्डवेअरचं दुकान, वर जिम, भिंतीला ओल, पंखा एक. तिथल्या मुलाने मला बघून आधी गुलाबी डंबेल्सकडे हात दाखवला. "मॅडम, टोनिंग करायचं?" मी म्हटलं, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट शिकव, म्हणजे दांडी खांद्यावर घेऊन उठाबशा आणि जमिनीवरून दांडी उचलणं. तो जरा घाबरला. मग चांगलं शिकवलं त्याने, हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी नुसती दांडी, २० किलो, आणि मी खाली बसले ती उठताना "अगे माय" म्हणूनच. आज स्क्वॉट ४२ किलोचा आहे, डेडलिफ्ट ५५ चा. जिमच्या मानाने हे आकडे कुणाच्या खिजगणतीत नाहीत. तिथली मुलं एवढं वजन सरावाच्या आधी अंग गरम करायला उचलतात.

टाचेसाठी मांड्या आणि नितंब कशाला, असं मीही विचारलं होतं. थकल्यावर वरचे स्नायू धक्के घेईनासे होतात, उरलेला भार खाली सरकतो, हे एक. दुसरं, २०१४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २५ चाचण्यांची, २६ हजारांहून जास्त लोकांची एकत्र मोजणी छापून आली होती. ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या होत्या, नुसत्या ताणण्याने काहीही फरक पडला नव्हता. आता त्यातले बरेचसे तरुण खेळाडू आणि सैन्यातले रंगरूट. गणिताच्या बाई त्यात किती होत्या, शंकाच आहे. म्हणून मी तो तृतीयांश स्वतःला लावत नाही, दिशा तेवढी घेते.

खाण्यात गोंयकाराला काय अडचण, असं वाटेल. अडचण श्रावणात येते. एरवी दुपारी बांगडा नाहीतर पेडवे असतात. बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं. पण सोमवार, गुरुवार, संकष्टी, मग अख्खा श्रावण, पुढे चवथ. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतं, म्हणजे मला ७० ते ९०. भात, आमटी आणि सोलकढीवर ते होत नाही, मोजून बघितलं. मग आळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं, तोंडाक रोज, दही, शेंगदाणे, आणि नाचणीच्या तिजणात दूध पावडर. माई म्हणाल्या, श्रावणात असं खातात तर उपास कसला? तोही मुद्दा बरोबर.

तर जुलै संपेपर्यंत उजव्या पायावर टाच वर-खाली १५ वेळा व्हायला लागली होती. धावणंही थोडं थोडं सुरू होतं. त्यासाठी विद्यार्थिनीने मला एक पट्टी दिली होती: शून्य ते दहा. धावताना दुखणं ४ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही तर कालचं जास्त झालं. म्हणून ती सकाळची पावलं मोजायची वही. मला वाटायचं दुखलं की थांबायचं. पण स्वीडनमध्येच २००७ मध्ये दाखवलं गेलं होतं की अशा पट्टीत राहून धावत राहिलेल्यांचं काही बिघडत नाही. हे कळल्यावर माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं! पावसात रस्त्यावर शेवाळ, म्हणून देवळांची वाट सोडून फर्मागुडीच्या पठारावर जायचे, एक मिनिट धाव, एक मिनिट चाल. मुलगा छत्री घेऊन उभा राहून हसायचा.

आणि मग चवथ.

आमचा गणपती मूळ घरी, सव्वीस माणसं. २८ च्या रात्री आरत्या झाल्या, घुमटं बाजूला ठेवली, आणि बायकांनी फुगडी धरली. फुगडी म्हणजे दोघींनी हात धरून गरगर फिरणं एवढीच समजणाऱ्यांसाठी सांगते, आमच्याकडे तो पुरा खेळ असतो. आधी गोल, गाणी म्हणत, संथ पावलं. मग गती वाढत जाते. शेवटी गाणं सुटतं, नुसता 'फू' उरतो आणि सगळ्या जणी चवड्यांवर उड्या. अनवाणी, गुळगुळीत फरशीवर. मी दोन महिन्यांपासून जिमला जात होते, पोटऱ्यांत जोर होता, जाऊबाई दमल्या तरी मी थांबेना. चुलत नणंद म्हणाली, "वयनी, तुका जिम लागलां गो!" त्या कौतुकाने आणखी दोन फुगड्या. मध्यरात्रीपर्यंत.

२९ ऑगस्ट: २१ पावलं. वहीत आकडा लिहिताना मला पटेना. धावले नव्हते, जिमला गेले नव्हते, त्या आठवड्यात मी सुट्टीवर होते!

विद्यार्थिनी फोनवर बराच वेळ हसली. मग म्हणाली, "टीचर, मोजा बघू. किती फुगड्या?" मोजल्या. चौदा-पंधरा. प्रत्येकीच्या शेवटच्या वेगात दीड-दोनशे उड्या तरी. म्हणजे अडीच हजारांच्या आसपास, बूट नाही, टाचेला उंची नाही. "या उड्या मी तुम्हाला ऑक्टोबरात देणार होते. तीन संच, वीस-वीस." कंडरेला फुगडी आणि व्यायाम यांतला फरक कळत नाही, सण आहे की सराव हेही कळत नाही. मी धावणं मोजत होते, जिम मोजत होते आणि जे माझ्या लेखी व्यायामच नव्हतं ते मोजतच नव्हते. त्यानंतर वहीत आणखी एक रकाना आला, 'इतर'. त्यात आजवर काय काय आहे: माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान आणायला मार्केटात चार तास; दिवाळीची साफसफाई, स्टुलावर चवड्यांनी उभं राहून; शाळेची सहल, गडाच्या पायऱ्या; पडलेला माड ओढणे.

भरून यायला फार वेळ नाही लागला, हे मात्र खरं. २१ ची ५ व्हायला अडीच आठवडे पुरले. एप्रिलमधल्या पायाला याच फुगडीने काय केलं असतं, मला विचार करवत नाही.

ऑक्टोबरात उड्या ठरल्याप्रमाणे सुरू झाल्या. आधी दोरी, मग एका पायावर. एका पायावरच्या उड्यांसाठी मला एकटीला जागा आणि धीर दोन्ही नव्हते, म्हणून आठवीच्या मुलींच्या पीटीच्या तासाला त्यांच्या लंगडीत शिरले. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'बाद' करायला तीस सेकंद घेतले. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी पायात पट्टा बांधून बाजूला बसलेली दिसली, फुटबॉल खेळते. गुडघा. तिला विचारलं, काय सांगितलंय? "आराम, टीचर." मी तिच्या आईला फोन केला, आणि त्या फिजिओचा नंबर दिला. ती मुलगी आता मधल्या सुट्टीत वर्गाच्या भिंतीला पाठ लावून खुर्चीविना खुर्चीवर बसते, ४५ सेकंद. तिच्या मैत्रिणी मोजतात आणि मुद्दाम हळू मोजतात.

डिसेंबरात वास्कोच्या बाजूला धावायची स्पर्धा असते, तिथे मी १० किलोमीटर धावले, १ तास १३ मिनिटांत. नोंदवण्यासारखं काही नाही, शेवटच्या दोन किलोमीटरांत पट्टीवर ३ होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १ पाऊल. त्या आठवड्यातली मोजणी: डावा २५, उजवा २२. हे तीन कुठे अडकलेत माहीत नाही. विद्यार्थिनी म्हणते, येतील. मी म्हटलं, मी तुला दहावीत हेच सांगायचे.

काल रात्री मडगावच्या ग्रुपवर मेसेज आला. रविवारी ओहोटी सकाळची, कोलवा ते वार्का आणि परत, १५. मी वही काढली. गेल्या ३० दिवसांतलं माझं सगळ्यात लांब धावणं १२. वर दहा टक्के.

"येते," मी लिहिलं. "पण १३ झाले की मी गाडीत बसणार. बूट घालून येणार."

मैत्रिणीचा उलट प्रश्न आला, तेराच का? मी १३.२ लिहून खोडलं.